आठ शब्दांची चिठ्ठी : पीडीपी-८ आणि त्याचा दुय्यम प्रोसेसर हाताने चालवून समजून घ्या

जुन्या मिनी-कॉम्प्युटरची रचना शिकायला बसलं की पुस्तकं आधी ब्लॉक डायग्राम पुढे करतात. एक चौकट सीपीयूची, एक मेमरीची, एक दुय्यम प्रोसेसरची, आणि मध्ये बाणांच्या रेघा. एकच प्रोसेसर असेल तर त्या चित्रावर भागतं. दोन असले की सगळी गोम त्या रेघांत असते, आणि चित्रात नेमकी तीच जागा कोरी असते. मेमरी एकच आहे, मग ती कोणत्या क्षणी कोणाच्या हातात असते? काम सोपवलं जातं म्हणजे नक्की काय दिलं जातं? काम संपल्याचं पहिल्याला कसं कळतं? माझा अनुभव असा की या तीन प्रश्नांच्या मागे लागलं की उरलेली रचना आपोआप उलगडते.

त्यासाठी पीडीपी-८ हा मिनी-कॉम्प्युटर आणि त्याला जोडला जाणारा एफपीपी हा फ्लोटिंग पॉइंट प्रोसेसर, म्हणजे दशांश संख्यांचं गणित करणारा प्रोसेसर, ही जोडी मला सगळ्यात चांगली वाटते. मुख्य यंत्र इतकं लहान आहे की अख्खं डोक्यात मावतं. दुय्यम प्रोसेसरही नुसतं गुणाकाराचं सर्किट नाही. त्याला स्वतःचा प्रोग्राम काउंटर आहे (पुढची सूचना कोणत्या पत्त्यावर आहे ते लक्षात ठेवणारा), स्वतःच्या सूचना आहेत. तरीही तो आपण होऊन सुरू होऊ शकत नाही. आपण नऊ शब्दांचा एक प्रोग्राम (शब्द म्हणजे मेमरीतल्या एका पत्त्यावर मावणारा आकडा) टाकून तो सुरू करू, उत्तर काढू आणि मग मुद्दाम दोन-तीन ठिकाणी अडवू. जुन्या मॅन्युअलांत अशा प्रोसेसरला स्लेव्ह म्हणायची रीत होती. मी दुय्यम म्हणतो.

हाताशी काय हवं

बॉब सुपनिक यांनी सुरू केलेला सिमएच हा सिम्युलेटर फुकट मिळतो, आणि त्यातल्या पीडीपी-८ मध्ये एफपीपी८-ए हे एफपीपीचं मॉडेल आहे. तेवढं पुरे. शिवाय एक कागद आणि पेन्सिल घ्या, कारण आकडे हातानेच मांडायचे आहेत. या लेखातले सगळे पत्ते आणि मेमरीतले आकडे अष्टमान पद्धतीत आहेत, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक. सिम्युलेटरला अर्थातच इंग्रजी आकडे आणि इंग्रजी अक्षरं लागतात. आज्ञांचे उच्चार मी देतो, स्पेलिंग नेहमीचंच आहे.

पायरी १ : मुख्य यंत्राची कुवत ओळखा

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने पीडीपी-८ बाजारात आणला १९६५ साली, किंमत साधारण १८,००० डॉलर. मॅसॅच्युसेट्समधल्या मेनर्ड गावात लोकरीच्या एका जुन्या गिरणीत या कंपनीचं बिऱ्हाड होतं. यंत्राचा शब्द १२ बिटांचा, मेमरी ४,०९६ शब्दांची. (आपल्याकडे १९६९ साली पुढे आलेला टीडीसी-१२ हासुद्धा १२ बिटांचाच. त्याच्या नावातला ‘टी’ ट्रॉम्बेचा.)

सीपीयूत एकच अॅक्युम्युलेटर, म्हणजे हिशोबाचा आकडा धरणारं रजिस्टर (प्रोसेसरमधली आकडा ठेवायची जागा), त्याला यापुढे एसी म्हणू, आणि त्याला लागून लिंक नावाचा एक बिट. मूळ सूचना आठ. त्यांतली बेरीज करणारी एकच, टॅड. वजाबाकी करायची तर आधी संख्या उलटवायची आणि मग मिळवायची. गुणाकार मुळातच नाही. अंकगणिताचं जादा साधन वेगळे पैसे मोजून मिळायचं, नाहीतर सरकवा-मिळवा, सरकवा-मिळवा असं लूप चालवत बसायचं. आता विचार करा, दशांश संख्या एका शब्दात मावत नाही, तीन शब्द लागतात. तशा दोन संख्यांचा एक गुणाकार म्हणजे या यंत्रासाठी बरीच पायपीट. प्रयोगशाळेत मोजमापं घेणाऱ्या माणसाला ती दर सेकंदाला परवडणारी नव्हती. एफपीपीची गरज इथून आली.

मेमरीबद्दल एक गोष्ट आताच लक्षात ठेवा. १२ बिटांत ४,०९६ पत्तेच मावतात. म्हणून जास्तीची मेमरी ४,०९६ शब्दांच्या ‘फील्ड’मध्ये विभागलेली असते. अशी फील्ड जास्तीत जास्त आठ, म्हणजे एकूण ३२,७६८ शब्द. पूर्ण पत्ता म्हणजे फील्डचे ३ बिट आणि आतला १२ बिटांचा पत्ता. हे पुढे चिठ्ठीत, म्हणजे सीपीयू एफपीपीसाठी मेमरीत मांडून ठेवतो त्या आठ शब्दांत, लागणार आहे.

पायरी २ : मेमरीचं दार एकच आहे

१९७० च्या पीडीपी-८/ई पासून या घराण्यात ओम्निबस आली. सीपीयू, मेमरी, जोडउपकरणं, सगळ्यांची कार्डं एकाच समाईक बसवर, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या तारांच्या जुडग्यावर, बसतात. पीडीपी-८/ए ने हीच बस पुढे चालवली आणि एफपीपी८-ए तिच्यावर बसतो. त्याचा थोरला भाऊ एफपीपी-१२ हा पीडीपी-१२ सोबत आला होता.

कोअर मेमरीतून, म्हणजे चुंबकीय कड्यांच्या जुन्या मेमरीतून, एक शब्द वाचला की तो पुसला जातो, म्हणून वाचल्या वाचल्या परत लिहावा लागतो. वाचणं आणि परत लिहिणं मिळून एक मेमरी सायकल. मूळ पीडीपी-८ मध्ये ती दीड मायक्रोसेकंदाची होती. एका सायकलमध्ये दाराशी एकच जण असू शकतो. एफपीपीला शब्द हवा असेल तेव्हा तो बसवर मागणी करतो, सीपीयू त्या सायकलपुरता थांबतो, एफपीपी आपलं काम उरकतो, सीपीयू पुढे चालू लागतो. डिजिटलच्या भाषेत याला डेटा ब्रेक म्हणतात. डिस्कही याच वाटेने मेमरीत येते-जाते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. एफपीपी मेमरीतून तीन शब्द आणतो आणि मग बराच वेळ आतल्या आत गुणाकार करत बसतो. त्या वेळात दार मोकळं असतं आणि सीपीयू आपला प्रोग्राम चालवतो. दोघं खरोखर एकाच वेळी काम करत असतात. आणि सीपीयूला बाहेरच ठेवून सगळ्या सायकली एफपीपीला द्यायच्या असतील, तर लॉकआउटची सोय आहे.

पायरी ३ : बोलायला सात सूचना

सीपीयू एफपीपीशी बोलतो ते आयओटी सूचनांनी, म्हणजे जोडउपकरणांशी देवाणघेवाण करायच्या सूचनांनी. टेलिटाइपशी, डिस्कशीही तो याच प्रकारे बोलतो. एफपीपीचा मुख्य क्रमांक ५५, म्हणून सूचना ६५५१ ते ६५५७. आपल्याला लागणाऱ्या चार आधी सांगतो.

६५५३, एफपी-कॉम : एसीमध्ये ठेवलेले बिट एफपीपीला ‘कसं वागायचं’ ते सांगतात. शेवटचे तीन बिट म्हणजे चिठ्ठी कोणत्या फील्डमध्ये आहे.

६५५५, एफपी-स्टार्ट : एसीमध्ये चिठ्ठीचा पत्ता घेऊन एफपीपी सुरू करा. सुरू झाला तर पुढची एक सूचना गाळली जाते.

६५५१, एफपी-इंट : एफपीपीचा ‘काम थांबलं’ झेंडा वर असेल तर पुढची सूचना गाळा.

६५५७, एफपी-आयएसटी : झेंडा वर असेल तर पुढची सूचना गाळा, एफपीपीची स्थिती एसीमध्ये आणा आणि झेंडा खाली करा.

उरलेल्या तीन म्हणजे ६५५२ (सगळं पुसून मूळ स्थितीत), ६५५४ (थांब) आणि ६५५६ (नुसती स्थिती वाचा). गंमत बघा, यांतली एकही सूचना ‘गुणाकार कर’ म्हणत नाही. मग काय करायचं आहे ते एफपीपीला कुठून कळतं? मेमरीतून.

पायरी ४ : चिठ्ठी

सीपीयू मेमरीत आठ शब्द मांडून ठेवतो आणि एफपीपीला फक्त त्यांचा पत्ता देतो. मॅन्युअलात याला अॅक्टिव्ह पॅरामीटर टेबल म्हणतात, एपीटी. माझ्या मते या जोडीची सगळी रचना या आठ शब्दांत आहे, म्हणून इथे घाई करू नका.

शब्द ० : चार पत्त्यांचे फील्डचे बिट, एकेक अष्टमान अंक. डावीकडून ऑपरंड (ज्या संख्येवर काम करायचं ती), बेस, इंडेक्स आणि प्रोग्राम काउंटर.
शब्द १ : एफपीपीचा प्रोग्राम काउंटर (एफपीसी), खालचे १२ बिट.
शब्द २ : इंडेक्स रजिस्टरांचा (पत्ता पुढे सरकवायला वापरायच्या आकड्यांचा) मेमरीतला पत्ता.
शब्द ३ : बेस रजिस्टर, म्हणजे संख्यांचे पत्ते जिथून मोजायचे ती जागा.
शब्द ४ : शेवटच्या ऑपरंडचा पत्ता.
शब्द ५, ६, ७ : एफपीपीचा अॅक्युम्युलेटर, एफएसी. आधी घातांक, मग मँटिसाचे (संख्येच्या अपूर्णांक भागाचे, पायरी ६ पाहा) दोन शब्द.

सुरू होताना एफपीपी ही चिठ्ठी वाचून आपली रजिस्टरं भरतो. थांबताना त्याच जागी आपली ताजी स्थिती परत लिहितो. म्हणजे कामाचा हुकूम आणि कामाचा अहवाल एकाच कागदावर. दोन वेगळ्या हिशोबांच्या दोन चिठ्ठ्या मेमरीत ठेवा. एक थांबवून दुसरी सुरू करता येते आणि पहिली जिथे थांबली तिथून पुढे नेता येते. शब्द २ कडे पुन्हा पाहा. एफपीपीची आठ इंडेक्स रजिस्टरं त्याच्या आत नाहीतच, ती मेमरीत आहेत, चिठ्ठीत फक्त त्यांचा पत्ता आहे. त्यामुळे चिठ्ठी आखूड राहते, आणि सीपीयूलाही ती रजिस्टरं हवी तेव्हा वाचता येतात.

पायरी ५ : एफपीपीची भाषा

हा मेमरीतूनच आपला प्रोग्राम वाचतो, पण त्याच १२ बिटांचा अर्थ वेगळा लावतो. पहिला अष्टमान अंक काम सांगतो : ० उचल, १ मिळव, २ वजा कर, ३ भाग, ४ गुण, ५ मेमरीत मिळव, ६ ठेव, ७ मेमरीत गुण. पुढचे दोन बिट पत्त्याचा प्रकार ठरवतात. आपण सगळ्यात साधा प्रकार वापरू, बिट ०१ : पत्ता = बेस + ३ × (शेवटचे सात बिट). तीनने गुणायचं कारण एका संख्येला तीन शब्द लागतात. म्हणून ०२०० म्हणजे बेसवरची शून्याव्या क्रमांकाची संख्या उचल, आणि ४२०१ म्हणजे तिला पहिल्या क्रमांकाच्या संख्येने गुण. सात बिटांत १२८ क्रमांक बसतात, म्हणजे एकाच शब्दाच्या सूचनेने ३८४ शब्दांपर्यंत हात पोचतो. पीडीपी-८ च्या स्वतःच्या सूचनेला त्या मानाने १२८ शब्दांचं एक पान आणि शून्य पान एवढंच दिसतं.

०००० ला मात्र ‘उचल’ असा अर्थ नाही, ती खास सूचना आहे, एफएक्झिट : चिठ्ठी परत लिही, झेंडा वर कर, थांब.

पायरी ६ : ३ आणि ५ कागदावर मांडा

संख्या = मँटिसा × २ चा घातांकाइतका घात (घातांक ३ असेल तर २ × २ × २). मँटिसाचा पहिला बिट चिन्हाचा, त्यानंतर बिंदू, आणि बिंदूनंतरचा पहिला बिट १ असायला हवा.

३ = ०.७५ × ४. घातांक २. ०.७५ म्हणजे द्विमानात ०.११. चिन्हासकट बिट ०११ ००० ००० ०००, अष्टमानात ३०००. तीन शब्द : ०००२, ३०००, ००००.

५ = ०.६२५ × ८. घातांक ३. ०.६२५ म्हणजे ०.१०१. बिट ०१० १०० ००० ०००, म्हणजे २४००. तीन शब्द : ०००३, २४००, ००००.

उत्तर १५ हवं. १५ = ०.९३७५ × १६. घातांक ४, मँटिसा ०.११११, म्हणजे ३६००. हे आधीच लिहून ठेवा : ०००४, ३६००, ००००.

पहिल्या वेळी मी चिन्हाचा बिट विसरून तीनचा मँटिसा ६००० लिहिला होता आणि उत्तर ऋण आलं. अर्धा तास मी चिठ्ठीतच चूक शोधत होतो. संख्या आधी कागदावर तपासा, यंत्राकडे नंतर वळा.

पायरी ७ : मेमरीत उतरवा

सिमएचचा पीडीपी-८ सुरू करा आणि ‘सेट एफपीपी एनेबल्ड’ ही आज्ञा द्या. मग ‘डिपॉझिट’ने एकेक शब्द भरा : आधी पत्ता, मग आकडा. सगळ्या ओळी एका फाइलमध्ये लिहून ‘डू’ आज्ञेने चालवल्या तर पुन्हा पुन्हा टंकायला नको.

सीपीयूचा प्रोग्राम :
०२०० : ७३०० (एसी आणि लिंक पुसा)
०२०१ : ६५५३ (एफपी-कॉम, एसी शून्य : साधा फ्लोटिंग प्रकार, चिठ्ठी फील्ड ० मध्ये)
०२०२ : १२१० (०२१० मधला आकडा एसीत आणा)
०२०३ : ६५५५ (एफपी-स्टार्ट)
०२०४ : ७४०२ (सुरू झाला नाही तर इथे थांबा)
०२०५ : ६५५१ (झेंडा वर आहे?)
०२०६ : ५२०५ (नसेल तर पुन्हा विचारा)
०२०७ : ७४०२ (झालं, थांबा)
०२१० : ०४०० (चिठ्ठीचा पत्ता)

चिठ्ठी :
०४०० : ००००
०४०१ : ०५००
०४०२ : ००००
०४०३ : ०६००
०४०४ ते ०४०७ : ००००

एफपीपीचा प्रोग्राम :
०५०० : ०२००
०५०१ : ४२०१
०५०२ : ६२०२
०५०३ : ००००

संख्या :
०६०० पासून ०००२, ३०००, ००००
०६०३ पासून ०००३, २४००, ००००
०६०६ पासून तीन शब्द शून्य, इथे उत्तर येईल.

०२०३ आणि ०२०४ या दोन ओळींवर जरा थांबा. सीपीयूने ‘सुरू हो’ म्हटलं आणि दुय्यम प्रोसेसर झाला नाही, तर ते त्याच क्षणी कळलं पाहिजे. नाहीतर सीपीयू कधीच वर न येणाऱ्या झेंड्याची वाट पाहत लूपमध्ये अडकेल. एका सूचनेच्या गाळण्यावर ही सगळी सुरक्षितता उभी आहे.

पायरी ८ : चालवा आणि पाहा

‘रन २००’. यंत्र लगेच थांबेल आणि पीसी (सीपीयूचा प्रोग्राम काउंटर) ००२१० दिसेल, कारण ०२०७ वरची थांबण्याची सूचना पार झाली. आता ‘एक्झॅमिन ६०६-६१०’. कागदावर लिहिलेले तीन शब्द समोर दिसायला हवेत : ०००४, ३६००, ००००.

तेवढ्यावर उठू नका. ‘एक्झॅमिन ४००-४०७’ करून चिठ्ठी वाचा. ०४०१ मध्ये तुम्ही ०५०० लिहिलं होतं, आता ०५०४ आहे, एफएक्झिटच्या पुढचा पत्ता. शेवटच्या तीन शब्दांत एफएसी, म्हणजे पुन्हा पंधरा. बेस तसाच आहे. सीपीयूच्या प्रोग्रामात गुणाकाराचा मागमूस नाही, आणि तरी त्याने वाचायचं सगळं या आठ शब्दांत येऊन बसलं आहे.

पायरी ९ : मुद्दाम अडवा

आधी दुय्यम प्रोसेसर काढून टाका : ‘सेट एफपीपी डिसेबल्ड’, मग ‘रन २००’. पीसी ००२०५. एफपी-स्टार्टने काही गाळलं नाही, म्हणून ०२०४ वर थांबलं. पीडीपी-८ ची कार्यप्रणाली ओएस/८, तिच्यातल्या फोरट्रान-४ या प्रोग्रामिंग भाषेतही यंत्रात एफपीपी आहे की नाही हे चालताना तपासलं जातं. असेल तर काम त्याला, नसेल तर त्याच एफपीपी सूचना सॉफ्टवेअर एकेक करून पार पाडतं. त्यामुळे प्रोग्राम एकदाच लिहायचा. एफपीपी विकत घ्यायला पैसे नसलेल्या प्रयोगशाळेलाही तो चालायचा, सावकाश चालायचा इतकंच.

एफपीपी पुन्हा चालू करा. ०४०१ मध्ये परत ०५०० भरा. तो चिठ्ठीवर आपली खूण सोडून गेला आहे, हे विसरलात तर दुसऱ्या खेपेला तो ०५०४ पासून सुरू होईल. ‘रन २००’ द्या, ००२१० येईल. ०४०१ पुन्हा नीट करा आणि या वेळी ‘गो २००’ द्या. ‘रन’ सगळी उपकरणं मूळ स्थितीत आणतो, ‘गो’ आणत नाही. पीसी ००२०५. मागच्या कामाचा झेंडा अजून वर आहे आणि तो खाली आल्याशिवाय एफपीपी नवं काम घेत नाही. सीपीयूने जुना अहवाल ‘पाहिला’ असं म्हटल्याशिवाय नवी चिठ्ठी चालत नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यामुळे एकाही कामाचा निकाल न वाचता वाया जात नाही.

उपाय एका शब्दाचा. ०२०५ मध्ये ६५५१ च्या जागी ६५५७ ठेवा. आता झेंडा पाहताक्षणी खाली होतो. एकदा ‘रन’ करून मग ०४०१ सुधारून कितीही वेळा ‘गो २००’ द्या.

पायरी १० : दुसऱ्या फील्डमध्ये हलवा

एफपीपीचा प्रोग्राम १०५०० पासून आणि संख्या १०६०० पासून भरा, म्हणजे दोन्ही फील्ड १ मध्ये. सीपीयूचा प्रोग्राम आणि चिठ्ठी फील्ड ० मध्येच राहू द्या. चिठ्ठीच्या शब्द ० मध्ये बेस आणि एफपीसी यांचे अंक १ करा : ०१०१. ०४०१ मध्ये ०५०० आणि ०४०३ मध्ये ०६०० तसेच. चालवा, आणि उत्तर १०६०६ वर पाहा. सीपीयूला दुसऱ्या फील्डमध्ये जायचं तर फील्ड बदलण्याच्या वेगळ्या सूचना द्याव्या लागतात. एफपीपीकडे पत्ते मुळातच १५ बिटांचे आहेत, त्याला सगळी ३२,७६८ शब्दांची मेमरी सलग दिसते. १२ बिटांच्या मालकाचा दुय्यम त्याच्यापेक्षा लांब पाहतो. मोठे फोरट्रान प्रोग्राम या यंत्रावर चालू शकले त्यात गुणाकाराच्या वेगाइतकाच या गोष्टीचा वाटा होता, असं माझं मत आहे.

छापणं, फाइल उघडणं अशी कामं एफपीपीला येत नाहीत. त्यासाठी त्याच्याकडे ट्रॅप नावाच्या सूचना आहेत. तिथे पोचला की तो चिठ्ठी परत लिहून थांबतो, सीपीयू स्थिती वाचून ओळखतो की हे काम माझं, ते करतो आणि त्याला पुन्हा सुरू करतो.

पायरी ११ : शून्याने भागा

परत फील्ड ० मधल्या मांडणीवर या. ०४०० मध्ये ००००, ०४०१ मध्ये ०५००. ०५०१ मधला ४२०१ बदलून ३२०१ करा, म्हणजे गुणण्याऐवजी भागा. ०६०३ ते ०६०५ मध्ये शून्य भरा, ०६०६ ते ०६१० पुसून टाका. ०२०५ मध्ये ६५५७ आहे ना ते पाहा. ‘रन २००’.

पीसी नेहमीसारखा ००२१०. सीपीयूच्या चालीत काहीच फरक दिसत नाही. आता ‘एक्झॅमिन एसी’ करा. तिथे शून्य नाही, शून्याने भागल्याचा बिट वर आलेला आहे. ०६०६ मध्ये उत्तर नाही, कारण ‘ठेव’ ही सूचना आलीच नाही. आणि चिठ्ठीतल्या ०४०१ मध्ये ०५०४ च्या अलीकडचा आकडा आहे : भागाकारापाशी एफपीपी थांबला, आणि कुठे थांबला ते लिहून गेला.